फायबर नेट घ्यायचं? आधी वही उघडा



गेल्या काही महिन्यांत गटांच्या बैठकांमधून एक प्रश्न पुन्हापुन्हा आमच्यापर्यंत येतो आहे. गावात केबलवाला फिरतो. त्याच्या हातातल्या कागदावर मोठ्या अक्षरांत वेग छापलेला असतो, १०० एमबीपीएस, २०० एमबीपीएस. तो म्हणतो, "ताई, धंदा वाढवायचा असेल तर फायबर घ्या." मग गटात दोन तट पडतात. सुना म्हणतात, घेऊन टाकू. सासवा म्हणतात, पापडाच्या पैशातून दर महिन्याला हा नवा हप्ता कशाला?

दोघींचंही बरोबर असू शकतं. म्हणून आज आम्ही 'फायबर घ्या' असंही सांगणार नाही आणि 'घेऊ नका' असंही सांगणार नाही. ठरवायचं कसं, एवढंच बोलू. आमचं म्हणणं थोडक्यात असं आहे: वेगाचा आकडा सगळ्यात शेवटी बघायचा. त्याआधी तीन प्रश्न. या तारेवर आपलं कोणतं काम चालणार? तार तुटली तर कोण येणार आणि किती दिवसांत? आणि कनेक्शन कोणाच्या नावावर राहणार?

फायबर म्हणजे नेमकं काय?

फायबर म्हणजे काचेची बारीक तार. आतला काचेचा धागा साधारण केसाइतका, म्हणजे मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढा जाड असतो. बाहेरून जी काळी केबल दिसते ते त्याचं संरक्षण. जुन्या टेलिफोनच्या तांब्याच्या तारेतून वीज वाहायची, या काचेतून उजेड जातो. मेसेज, फोटो, पैसे पाठवल्याची पावती, सगळं उजेडाच्या लुकलुकण्यातून पोचतं.

काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यातून उजेड दूरवर नेऊन निरोप पाठवता येईल, हे चार्ल्स काओ या शास्त्रज्ञांनी १९६६ साली मांडलं. त्या कामासाठी त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळालं. या विद्येला 'फायबर ऑप्टिक्स' हे नाव रूढ करणारे नरिंदरसिंग कपानी तर आपल्या पंजाबातल्या मोग्याचे.

व्यवस्था समजायला आपली नळपाणी योजना डोळ्यांसमोर आणा. धरणावरून मुख्य लाइन येते, गावाच्या टाकीत पाणी पडतं, टाकीतून गल्लीत आणि गल्लीतून आपल्या नळाला. फायबरचंही तसंच. कंपनीची मोठी लाइन केबलवाल्याच्या खोलीतल्या यंत्रापर्यंत येते, तीच समजा टाकी. तिथून एक धागा निघतो आणि खांबावरच्या लहान डबीत त्याचे फाटे फुटतात. एका धाग्यावर ३२, कधी ६४ घरंही असतात. शेवटी आपल्या भिंतीवर एक पेटी बसते. ती उजेडाचं नेट करते आणि वायफाय सोडते.

आता संध्याकाळी सात वाजता सगळ्या गल्लीने नळ सोडले तर काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. नेटचंही तेच. घरापर्यंतची तार कितीही चांगली असली तरी केबलवाल्याने मागून थोडंच 'पाणी' विकत घेतलं असेल, तर मालिकांच्या वेळेला तुमचा व्हिडिओ फिरत बसणार. म्हणून कोणाचं नेट कसं आहे हे सकाळी अकरा वाजता बघू नका. शेजारणीकडे रात्री आठ वाजता जाऊन बघा.

नाव एक, वस्तू तीन

गावात 'फायबर' या एकाच नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

पहिली खरी फायबर. काचेची तार थेट तुमच्या घरातल्या पेटीत येते. तार जोडायच्या तोंडाला निळी किंवा हिरवी छोटी टोपी असते.

दुसरी अर्धी फायबर. काच गावाच्या नाक्यापर्यंत येते आणि तिथून पुढे तांब्याची साधी केबल ओढलेली असते. काही ठिकाणी तर गावापर्यंत तारही नसते, उंच पाइपावर थाळी लावून नेट आणलेलं असतं. हे चालतं, पण पावसात आणि विजा चमकताना जास्त त्रास देतं.

तिसरी 'एअरफायबर'. २०२३ पासून मोठ्या मोबाइल कंपन्यांनी हे विकायला सुरुवात केली. यात तार नाही. छतावर एक डबा बसतो, तो मोबाइलच्या टॉवरवरून नेट घेतो आणि घरात वायफाय देतो. ज्या वाडीवर तार येणं शक्य नाही तिथे हा चांगला उपाय आहे. पण ज्या टॉवरची रेंज आज तुमच्या दारात मिळत नाही, त्याच टॉवरवर तो डबाही अवलंबून असणार, हे लक्षात ठेवा.

म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा: "भाऊ, काचेची तार माझ्या घरातल्या पेटीपर्यंत येणार का?" उत्तर हो असेल तर पुढचं बोलणं.

पंधरा दिवसांची नेट-वही

बचतीची वही असते तशी पंधरा दिवस नेटची एक वही ठेवा. लेखनिक ताईंकडे द्या. रोज चारच गोष्टी लिहायच्या: आज गटाच्या कोणत्या कामाला नेट लागलं, कोणाच्या मोबाइलवरून झालं, काम अडलं का, आणि अडल्यामुळे किती पैसे किंवा किती वेळ गेला.

पंधरा दिवसांनी वही उघडली की निम्मा निर्णय झालेला असतो. तीन तऱ्हेचे गट धरून बघू.

समजा एक गट मसाले करतो. आठवडी बाजारात विकतो, गिऱ्हाईक क्यूआर कोडवर पैसे टाकतं, ऑर्डर व्हॉट्सअॅपवर येतात. या गटाला फायबरची गरज नाही. यूपीआयच्या एका व्यवहाराला नेट जवळजवळ नगण्य लागतं. 'पैसे मिळाले' असं बोलणाऱ्या डब्यात त्याचं स्वतःचं सिमकार्ड असतं. शिवाय बाजारात बसल्यावर घरच्या भिंतीवरचं वायफाय काय कामाचं? या गटाने दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं जवळ ठेवावीत, म्हणजे एकीची रेंज गेली तर दुसरी चालते. फायबरचं बिल भरणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

दुसरा गट शिवणकाम करतो. शाळेच्या गणवेशांची आणि शहरातल्या दुकानाची ऑर्डर घेतो. आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉलवर कापड आणि माप दाखवावं लागतं, नमुन्यांचे मोठे फोटो पाठवावे लागतात, बिलं संगणकावर होतात. इथे वही काय सांगते ते बघायचं. कॉल तुटल्यामुळे एखादी ऑर्डर हातची गेली असेल, तर फायबरचा विचार करायला जागा आहे.

तिसरा गट सेवा देतो. दाखल्यांचे अर्ज भरणं, कागद स्कॅन करून चढवणं, मुलांचे परीक्षेचे अर्ज, छपाई. इथे नेट हाच कच्चा माल आहे. शेवटच्या तारखेला नेट बंद पडलं तर गिऱ्हाईक शेजारच्या गावाला जातं आणि पुन्हा येत नाही. या गटाला पक्की तार लागतेच, आणि ती तुटली तर दुसरी सोयही लागते.

वेग किती पुरतो?

आता वेगाचं बघू. पुन्हा पाण्याचं उदाहरण: एमबीपीएस म्हणजे पाइपाची जाडी, जीबी म्हणजे महिन्याचं एकूण पाणी.

फोटो किंवा फाइलचं वजन एमबीत मोजतात आणि वेग एमबीपीएसमध्ये. ही दोन सारखी दिसणारी मापं वेगळी आहेत. आठने भागायचं. १०० एमबीपीएसच्या लाइनवर एका सेकंदात साधारण १२ एमबी येतात, १०० नाही.

व्हिडिओ कॉलला जाता-येता एक ते तीन एमबीपीएस पुरतात. एका साध्या सीसीटीव्ही कॅमेऱ्याचं चित्र सतत बाहेर पाठवायचं असेल तर साधारण दोन ते चार. सरकारने जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान वेग ठरवला तोच मुळी दोन एमबीपीएस आहे. हे सगळं जोडलं तर चार-पाच जणी एका वेळी काम करणाऱ्या गटाला ३० ते ५० एमबीपीएसचा सर्वांत लहान प्लॅन भरपूर होतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत. दोनशेचा वेग घेऊन मसाल्याची ऑर्डर लवकर येत नाही.

मात्र एक गोष्ट विचारायची राहते. जाहिरातीत बहुतेक वेळा येणारा वेग ठळक असतो, म्हणजे आपण बघतो, उतरवून घेतो तो. धंद्याला लागतो जाणारा वेग, म्हणजे अपलोड. आपण फोटो पाठवतो, कागद चढवतो, व्हिडिओवर माल दाखवतो. समजा ६० एमबीचा व्हिडिओ पाठवायचा आहे. जाणारा वेग दोन एमबीपीएस असेल तर चार मिनिटं लागतील. वीस असेल तर २४ सेकंद. म्हणून विचारा: "अपलोड किती?" कितीतरी फायबर प्लॅनमध्ये दोन्हीकडचा वेग सारखा असतो. केबलवाला या प्रश्नाला टाळत असेल तर तेही एक उत्तरच समजा.

'अमर्याद' या शब्दालाही मर्यादा असते. प्लॅनमध्ये महिन्याचे ठरावीक जीबी संपले की वेग एकदम खाली येतो. किती जीबीनंतर आणि खाली म्हणजे किती, हे दोन्ही आकडे कागदावर लिहून मागा.

पैशाचा हिशेब

जाहिरातीतला भाव आणि बिलातला भाव यांत १८ टक्के जीएसटीचा फरक असतो. समजा प्लॅन ५९९ रुपयांचा आहे. कर धरून ७०७ रुपये झाले. वर्षाचे साधारण साडेआठ हजार. फक्त माल विकणाऱ्या आणि वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असलेल्या बहुतेक गटांची जीएसटी नोंदणी नसते, त्यामुळे हा कर परत मिळत नाही. तो आपल्या खर्चातच धरायचा.

आता या ७०७ रुपयांना आपल्या मालात मोजा. समजा पापडाच्या एका किलोमागे सगळा खर्च जाऊन ४० रुपये उरतात. म्हणजे नेटचं बिल भरायला दर महिन्याला १८ किलो पापड जास्त विकले गेले पाहिजेत. बैठकीत हाच प्रश्न मांडा: या तारेमुळे आपले १८ किलो पापड जास्त खपतील का? कसे? कोण विकणार? याचं उत्तर नावानिशी मिळालं तर कनेक्शन घ्या. 'बघू, खपतील' असं उत्तर आलं तर थांबा.

वाचणारा पैसाही मोजायचा. समजा मोबाइलवर अर्ज पुढे सरकत नाही म्हणून गटातली एक जण तालुक्याला जाते. एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे, तरी जाऊन-येऊन ६० रुपये आणि बुडालेली ३०० रुपयांची मजुरी. महिन्याला अशा दोन फेऱ्या वाचल्या तरी ७२० रुपये झाले, बिल निघालं. पण त्यासाठी गटाकडे संगणक आणि तो चालवणारी सखी हवी. ती नसेल तर आधी तिची तयारी, मग तार.

बिलाशिवायचे खर्चही विचारून घ्या: बसवण्याचे किती, पेटी विकत की अनामत रकमेवर, अनामत परत मिळणार का, खांबापासून घर लांब असेल तर जास्तीच्या तारेचे वेगळे पैसे आहेत का. सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे एकदम भरले तर एखादा महिना फुकट देतात. मोह होतो. पण पहिले तीन महिने महिन्याच्या महिन्यालाच भरा. त्यातला एखादा महिना पावसाळ्याचा असेल तर फारच चांगलं. वर्षाचे पैसे एकदा दिले की आपल्या फोनला उत्तर द्यायची घाई कोणालाच राहत नाही.

वीज गेली तर?

काचेच्या तारेला आणि खांबावरच्या फाट्यांच्या डबीला वीज लागत नाही. पण आपल्या भिंतीवरच्या पेटीला लागते. वीज गेली की ती पेटी बंद, म्हणजे नेट बंद. जिथे रोज काही तास वीज जाते तिथे महिन्याचं बिल पूर्ण आणि वापर अर्धा, असं होतं.

उपाय स्वस्त आहे. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, साधारण हजार-दीड हजार रुपयांना. पेटी थोडीच वीज खाते, म्हणून तो काही तास टिकतो. घेताना पेटीच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट लिहिले आहेत ते बघा, बहुतेकांवर १२ असतात. तेवढ्याच व्होल्टचा यूपीएस घ्या, नाहीतर पेटी जळेल.

पण आपल्याकडे बॅटरी असून भागत नाही. केबलवाल्याच्या खोलीतल्या यंत्राची वीज गेली तर सगळ्या गावाचं नेट जातं. म्हणून त्यालाही विचारा: "तुमच्याकडे बॅटरी किंवा इन्व्हर्टर आहे का, किती तास चालतो?" वीज गेलेली असताना गावातल्या जुन्या गिऱ्हाइकाला फोन करून खात्री करा.

विजा चमकतात तेव्हा पेटीचं बटण बंद करून प्लग काढून ठेवा. काचेतून वीज वाहत नाही, पण केबलला आधार म्हणून कधीकधी बारीक लोखंडी तार असते, आणि विजेच्या प्लगमधून झटका येऊ शकतोच.

तार तुटली तर कोण येणार?

खरी परीक्षा इथे आहे. आपल्याकडे तारा खांबांवरून, झाडांमधून, पत्र्यांवरून जातात. जेसीबीने चर खणला, उसाची ट्रॉली जरा उंच भरली, माकडांनी उड्या मारल्या, उंदरांनी कुरतडलं, की तार तुटते. तांब्याची तार पोरंसुद्धा पिळून जोडतात. काचेची तशी जुळत नाही. तिची टोकं कापून, यंत्राने वितळवून एकमेकींना चिकटवावी लागतात. ते यंत्र आणि ते शिकलेला माणूस गावात नसेल तर वाट बघायची. तो तालुक्याहून येणार असेल तर कधी येणार, यावर आपला धंदा उभा राहतो किंवा बसतो.

म्हणून कनेक्शन घेण्याआधी गावातल्या तीन जुन्या गिऱ्हाइकांकडे जा आणि हे विचारा: गेल्या पावसाळ्यात नेट किती दिवस बंद होतं? फोन केल्यावर कोण आलं? किती दिवसांत आलं? बंद दिवसांचे पैसे कापून मिळाले का? एखादी कंपनी ५० रुपयांनी महाग असेल पण तिचा माणूस दुसऱ्या दिवशी येत असेल, तर तीच स्वस्त.

पेटीवरचे दिवे ओळखायला शिका. 'एल-ओ-एस' अशी इंग्रजी अक्षरं असलेला दिवा लाल लुकलुकत असेल तर उजेड घरापर्यंत पोचत नाही, म्हणजे बाहेर तार तुटली किंवा दबली. असा दिवा दिसला तर पेटी दहा वेळा बंद-चालू करून उपयोग नाही, तक्रारच करायची. तो दिवा लाल नसेल आणि तरी नेट नसेल, तर दोष पेटीत, रिचार्जमध्ये किंवा केबलवाल्याच्या मागच्या लाइनमध्ये असू शकतो. फोनवर एवढं सांगता आलं तरी माणूस योग्य सामान घेऊन येतो आणि एक चक्कर वाचते.

तक्रार तोंडी करू नका. ज्या कंपनीचं नाव बिलावर आहे तिच्या ग्राहक क्रमांकावर करा आणि तक्रार क्रमांक वहीत लिहा. मोठ्या परवानाधारक कंपन्यांमध्ये तक्रारीने काम झालं नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे त्या अपिलाचा निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनही आहे. पण या सगळ्याला पावती लागते. जो केबलवाला बिल देत नाही, नुसते रोख पैसे घेऊन जातो, त्याच्याविरुद्ध कुठे दाद मागणार? बिल नाही तर कनेक्शन नाही, हा नियमच करा.

कनेक्शन कोणाचं, ओटीपी कोणाकडे?

सख्यांनो, हा मुद्दा जाहिरातीत कधीच नसतो. कनेक्शन घेताना आधार कार्ड मागतात, मोबाइल नंबर मागतात. पटकन काय होतं? अध्यक्षांच्या मुलाचा नंबर दिला जातो, कारण 'त्याला यातलं कळतं'. पेटी अध्यक्षांच्या घरात बसते. बिल गट भरतो. पुढे अध्यक्ष बदलतात, किंवा मुलगा नोकरीला पुण्याला जातो. मग ओटीपी पुण्याला, पासवर्ड पुण्याला आणि गट इथे, हात बांधून. पेटी हलवायची म्हटली तर 'हे तर आमच्या घरचं कनेक्शन' असं ऐकावं लागतं. पैसा आपला आणि चावी दुसऱ्याकडे, असं व्हायला नको.

म्हणून आधी बैठकीत ठराव लिहा: कनेक्शन गटासाठी आहे, पेटी अमुक जागी राहील, बिल गटाच्या खात्यातून जाईल. गटाच्या नावाने कनेक्शन मिळत असेल तर तसंच घ्या. मिळत नसेल तर एका सदस्येच्या नावाने घ्या, पण तेही ठरावात नोंदवा. गटासाठी एक वेगळं सिमकार्ड ठेवा आणि सगळीकडे तोच नंबर द्या. पासवर्ड दोघींना माहीत हवा, अध्यक्ष आणि सचिव. कंपनीने दिलेला पहिला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. गल्लीतल्या पोरांना पासवर्ड मिळाला की गटाच्या वेळात त्यांचे खेळ चालतात आणि आपला व्हिडिओ कॉल अडकतो. आणि कोणी 'नेट कंपनीतून बोलतोय' म्हणून ओटीपी मागितला तर द्यायचा नाही. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० वर फोन करायचा.

बसवताना लक्ष कुठे ठेवायचं?

माणूस तार ओढायला येईल तेव्हा गटातली एक जण तिथे उभी राहू द्या. काचेची तार वायरसारखी घडी घालून खिळ्याला गुंडाळायची नाही. कोपऱ्यावर गोल वळण हवं, टोकदार वळणावर उजेड बाहेर सांडतो आणि नेट कमी होतं. दार-खिडकीच्या फटीत तार चेमटता कामा नये. आणि तारेच्या उघड्या टोकात डोळा लावून बघायचं नाही, मुलांनाही बघू द्यायचं नाही. तो उजेड डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

पेटी जिथे काम चालतं त्या खोलीत, छातीच्या उंचीवर लावा. दगडमातीची जाड भिंत आणि पत्रा वायफाय अडवतात. पेटी माजघरात आणि शिवणयंत्रं पत्र्याच्या शेडमध्ये असतील, तर २०० एमबीपीएस घेऊनही शेडमध्ये काही पोचणार नाही. पिठाची धूळ, तिखटाचा खकाणा, चुलीचा धूर यांपासूनही ती लांब हवी.

ग्रामपंचायतीतली तार

खाजगी तारेकडे जाण्याआधी सार्वजनिक तारेची चौकशी करा. प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली. २०१५ पासून ती भारतनेट या नावाने ओळखली जाते. आपल्या राज्यात तिच्या दुसऱ्या टप्प्याचं काम महानेट म्हणून झालं. ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित कार्यक्रमाला १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर झाले. म्हणजे पैसा आपलाच आहे. पण कितीतरी गावांत हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. ग्रामपंचायतीच्या कपाटापर्यंत तार आली आणि पुढे घरापर्यंत नाही. कुठे पेटी आहे पण वीज नाही, कुठे बॅटरी गेलेली.

आपल्याकडे ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी, असं कायदाच सांगतो. त्या सभेत विचारा: आपल्या ग्रामपंचायतीतली भारतनेटची लाइन चालू आहे का? ती गटाच्या कामाला किंवा गावच्या सेवा केंद्राला मिळू शकते का? घरापर्यंत जोडणी कोण देतं? प्रश्न आणि उत्तर दोन्ही इतिवृत्तात लिहून घ्या.

बैठकीत वाचायचे दहा प्रश्न

हे पान कापून गटाच्या वहीत चिकटवा. केबलवाला आला की एकीने वाचायचं, दुसरीने उत्तरं लिहायची.

१. काचेची तार घरातल्या पेटीपर्यंत येणार का?
२. येणारा वेग किती आणि जाणारा वेग किती?
३. किती जीबीनंतर वेग उतरतो, आणि किती होतो?
४. करासकट महिन्याचं बिल किती?
५. बसवण्याचा खर्च, पेटीची किंमत, अनामत किती? अनामत कधी परत?
६. महिन्याच्या महिन्याला भरता येईल का?
७. छापील बिल मिळेल का, आणि त्यावर कोणत्या कंपनीचं नाव असेल?
८. तार तुटल्यावर जोडणारा माणूस कुठे राहतो, किती दिवसांत येतो?
९. तुमच्या यंत्राला बॅटरी आहे का, किती तास चालते?
१०. कनेक्शन गटाच्या नावावर होईल का, आणि बंद करायचं झालं तर काय करायचं?

दहापैकी आठ प्रश्नांची सरळ उत्तरं मिळाली आणि वहीतला हिशेब जमला, तर जरूर घ्या. जमला नाही तर मोबाइलवर काम चालू ठेवा आणि सहा महिन्यांनी वही पुन्हा उघडा. तोवर धंदा वाढलेला असेल, कदाचित दुसरा केबलवालाही आलेला असेल, आणि दोघांत चढाओढ लागली की भाव आपणच ठरवू.

येत्या मासिक बैठकीच्या विषयपत्रिकेत 'नेट-वही' हा विषय घाला. पंधरा दिवसांची तुमची वही काय म्हणते ते आम्हाला जरूर कळवा. इतर गटांना उपयोगी पडेल असं त्यातलं काही पुढच्या कार्यक्रमात वाचून दाखवू.

नमस्कार!